नाटक पडलं, घड्याळ चालू आहे

मुंबईच्या राजाबाई टॉवरचं घड्याळ पूर्वी सोळा चाली वाजवायचं. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या बड्या व्यापाऱ्याने दोन लाख रुपये दिले, 1878 मध्ये मनोरा पुरा झाला आणि त्याला त्यांच्या आईचं नाव मिळालं. त्या चालींत 'गॉड सेव्ह द किंग' होती, 'रूल ब्रिटानिया' होती, हँडेलची एक रचना होती. साम्राज्याच्या घड्याळाने दुसरं काय वाजवायचं? पण त्यांच्याच पंगतीत 'होम, स्वीट होम' ही साधी घरगुती चाल बसलेली होती, आणि ती आली होती थेट रंगभूमीवरून. 8 मे 1823 रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरात 'क्लारी' नावाचा ऑपेरा झाला. संगीत हेन्री बिशपचं, शब्द जॉन हॉवर्ड पेन या अमेरिकन नट-नाटककाराचे. घराच्या ओढीचं हे गाणं लिहिणारा पेन पुढे 1852 मध्ये घरापासून कितीतरी दूर, ट्युनिसमध्ये सरकारी नोकरीवर असताना वारला. 'क्लारी' आज कोणी करत नाही. तिचं कथानकही ऑपेराच्या अभ्यासकांनाच ठाऊक. पण तिच्यातली एक चाल उचलून घड्याळवाल्यांनी मनोऱ्यांवर चढवली, आणि फोर्टातला कारकून डब्याच्या सुट्टीत नकळत एका विसरलेल्या ऑपेराचं गाणं ऐकत राहिला.

नाटकं आणि ऑपेरा यांच्यावरून बनवलेली नवलाईची घड्याळं जमवणाऱ्याला ही गोष्ट फार लवकर कळते. नाटक पडतं, कंपनी मोडते, नटी म्हातारी होते, पण तिच्या वेषातली बाहुली तबकडीशेजारी उभी राहून शंभर-दीडशे वर्षं टोले ऐकत असते. बाहुली कोणाची, हेच मग कोणाला सांगता येत नाही. त्यामुळे या छंदातलं निम्मं काम घड्याळजीचं आणि निम्मं नाट्य-इतिहासकाराचं. माझ्या मते दुसरं निम्मं अधिक अवघड, आणि बहुतेक संग्राहक तेच टाळतात.

हे प्रकरण मी भिलाईच्या कॅम्प-1 मध्ये बसून लिहितो आहे. प्राचीन वस्तूंच्या नकाशावर हे गाव कुठेच नाही. भारत-सोव्हिएत करार 2 फेब्रुवारी 1955 चा, पहिली धमनभट्टी पेटली 4 फेब्रुवारी 1959 ला. तोवर कारखाना उभारायला आलेल्या माणसांनी जिथे पथाऱ्या टाकल्या ते कॅम्प, आणि पुढे वस्ती पक्की झाली तरी नाव तेच राहिलं. तेलुगू, ओडिया, भोजपुरी, छत्तीसगढी, नागपुरी वळणाची मराठी, सगळ्या भाषा एका नळावर. इथे भिंतीवरचं घड्याळ ही दुय्यम गोष्ट होती. वेळ ठरायची ती पाळ्यांवरून: पहाटे सहाची, दुपारी दोनची, रात्री दहाची. ज्या गावात वेळ म्हणजे हजेरी, त्या गावात घड्याळाने नटूनथटून यावं ही कल्पनाच चैनीची वाटते. तरीही या घड्याळांपैकी सर्वांत रंगेल घराण्याचा एक धागा भिलाईच्या दिशेने येतो. तो कसा, ते पुढे सांगतो.

आधी त्या रंगेल घराण्याकडे वळू. अँसोनिया क्लॉक कंपनी 1851 मध्ये अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात सुरू झाली आणि पुढे न्यू यॉर्कजवळ ब्रुकलिनला तिने मोठा कारखाना काढला. हिंदुस्थानातल्या जुन्या वाड्यांत, संस्थानी बंगल्यांत लंबकाची जी अमेरिकन घड्याळं सापडतात त्यांत हे नाव वारंवार दिसतं. कंपनीची खासियत होती पुतळ्याची घड्याळं: खाली रुंद बैठक, वर मधोमध किंवा एका बाजूला तबकडी, आणि तिला टेकून कोणी देवता, कोणी सरदार, कोणी शेक्सपिअर. त्यातल्याच एका जोडीचं नाव 'डॉन सीझर आणि डॉन ह्वान'. तबकडीच्या दोन्ही अंगांना एकेक स्पॅनिश सरदार, टोपीला पीस, कमरेला तलवार. विकणारे त्यांना 'दोन शिपाई' म्हणतात. एकाने तर मला ते 'पोर्तुगीज गव्हर्नर' म्हणून दाखवले होते. गोव्याचं नाव घेतलं की किंमत वाढते, हे त्याला ठाऊक होतं.

डॉन सीझरची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. व्हिक्तोर ह्यूगोच्या 1838 च्या 'रुई ब्ला' या नाटकात हा कंगाल, उडाणटप्पू उमराव एक दुय्यम पात्र म्हणून आला. लोकांना तो इतका आवडला की 1844 मध्ये द्युमानवार आणि देनेरी या दोघा पॅरिसच्या नाटककारांनी त्याच्याच नावाचं वेगळं नाटक लिहिलं. पुढल्याच वर्षी लंडनच्या ड्रूरी लेन थिएटरात विल्यम व्हिन्सेंट वॉलेस या आयरिश संगीतकाराने त्यावरून 'मारिताना' हा ऑपेरा केला, आणि 1872 मध्ये मासनेनेही आपला हात त्याच कथेवर चालवून पाहिला. कथा अशी: द्वंद्वयुद्ध केल्याबद्दल डॉन सीझरला मृत्युदंड होतो. मरणाआधी त्याचं लग्न एका बुरखा घेतलेल्या स्त्रीशी लावून दिलं जातं. आयुष्याचे जेमतेम दोन तास उरलेत आणि हा गडी खाऊन-पिऊन, गाऊन ते घालवतो आहे. पुढे बंदुकांचा बार होतो, पण एका पोराने गोळ्या आधीच काढून ठेवलेल्या असतात, म्हणून तो वाचतो.

म्हणजे घड्याळावर उभा केलेला हा माणूस रंगभूमीवर शेवटचे तास मोजणारा होता. आणि शेजारचा डॉन ह्वान? मोझार्टच्या 'डॉन जोव्हानी'मध्ये, प्रागला 1787 साली, त्याला जेवायला बोलावलेला दगडी पुतळाच नरकात ओढून नेतो. त्याचा शेवट पुतळ्याच्या हातून झाला आणि अँसोनियाने त्यालाच पुतळा करून ठेवला. कंपनीच्या नमुनेकाराने हे समजून केलं असेल का? मला शंका आहे. त्याला दोन देखणे स्पॅनिश सरदार हवे होते, आणि तेव्हा ही नावं लोकांच्या तोंडी होती. पण संग्राहकाने एवढं शोधलं की तीच वस्तू शोकेसमध्ये वेगळी दिसायला लागते.

पुतळ्याच्या घड्याळाचा एक व्यापारी डाव इथेच सांगायला हवा. पुतळा हे एक काम, आतलं यंत्र हे दुसरं काम. आठ दिवसांची किल्ली, अर्ध्या तासाला एक टोला आणि पूर्ण तासाला तितके टोले, असं एकच यंत्र डझनावारी वेगवेगळ्या पुतळ्यांमागे बसायचं. पुतळेही बहुधा काशाचे नव्हते. वितळवायला सोपं आणि स्वस्त असं जस्ताचं मिश्रण ओतून त्यावर काशाचा रंग चढवलेला असायचा. त्यामुळे मध्यमवर्गीय माणसालाही बैठकीत सरदार बसवता आला. फ्रेंच उमरावांच्या काळात हे शक्य नव्हतं. तिकडे 'पॉल आणि व्हर्जिनी'सारख्या कादंबरीतून ऑपेरात आणि तिथून घड्याळावर पोचलेल्या जोड्या खऱ्या काशात ओतून त्यावर सोन्याचा मुलामा देत. तो मुलामा द्यायचा म्हणजे सोनं पाऱ्यात कालवून धातूवर फासायचं आणि तापवून पारा उडवायचा. उडालेला पारा कारागिराच्या छातीत जायचा. लिलावाच्या पुस्तकांत त्या सोन्याच्या झळाळीचं कौतुक पानोपानी असतं. कारागिरांबद्दल एखादी ओळ सापडली तर नशीब.

आता तो भिलाईचा धागा. 1920 च्या दशकात अँसोनियाचं दिवाळं वाजत आलं, आणि 1929 मध्ये तिची यंत्रं, साचे, हत्यारं सोव्हिएत सरकारच्या व्यापारी संस्थेने, आमटोर्गने, विकत घेतली. बोटींवर लादून ती मॉस्कोला गेली आणि त्यातून तिथला दुसरा घड्याळ कारखाना उभा राहिला. पहिल्याची सामग्री ओहायोतल्या दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीकडून घेतलेली होती. याच दुसऱ्या मॉस्को कारखान्याचं पुढचं नाव 'स्लावा'. भिलाईत पन्नाशी-साठीच्या दशकांत सोव्हिएत तंत्रज्ञ येऊन राहिले. त्यांच्यापैकी एखाद्याच्या उशाशी 'स्लावा'चा गजर असलाच, तर त्याचं आजोळ ब्रुकलिनच्या त्या कारखान्यात, डॉन सीझर ओतला जायचा तिथे निघतं. सोव्हिएतांनी पंचवार्षिक योजनेसाठी यंत्रं घेतली, सरदार मागे सोडले. वेळ म्हणजे हजेरी मानणाऱ्यांनी दुसरं काय केलं असतं?

जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमधून नुसत्या कोकिळाच येत, असं अनेकांना वाटतं. तिथल्याच फुर्टवांगन परिसरात 1850 नंतर ट्रम्पेटवाली घड्याळंही बनायला लागली. तास भरला की दारं उघडतात, गणवेशातला एक शिपाई बाहेर येतो आणि ट्रम्पेट तोंडाला लावतो. आत छोटा भाता असतो, त्याची हवा पितळी जिभांवरून जाते आणि बाजाच्या पेटीसारखा सूर निघतो. ही घड्याळं पाहिली की जाणकार माणूस 'झेकिंगनचा ट्रम्पेटवाला' म्हणून मोकळा होतो. त्या नावाचं शेफेलचं कथाकाव्य 1850 च्या दशकातलं आणि जर्मनीत अफाट खपलेलं. नेस्लरने त्यावरून केलेला ऑपेरा लायपझिगला 1884 मध्ये आला आणि त्यानेही गल्ला ओढला. आज तो जवळपास विसरला गेला आहे. पण तारखा पाहा: ट्रम्पेटवाली घड्याळं ऑपेराच्या कितीतरी आधीची. तेव्हा घड्याळ ऑपेरावरून घेतलं असं छातीठोकपणे लिहू नये. एकाच लोकप्रिय कल्पनेवर दोघांनी धंदा केला, एवढंच म्हणावं. गंमत म्हणजे त्याच कथाकाव्यावर महलरने 1884 मध्ये रंगमंचासाठी संगीत केलं होतं. त्यातला एक तुकडा 'ब्लूमिने' या नावाने आजही वाजतो, बाकीचं हरवलं.

सगळंच काही असं लोभस नाही. कनेक्टिकटमधल्या मेरिडनच्या ब्रॅडली अँड हबर्ड कंपनीने लोखंडी पुतळ्यांची डोळे मिचकावणारी घड्याळं काढली. टिकटिकीबरोबर बुबुळं वरखाली होतात, कारण ती आतल्या यंत्रालाच जोडलेली असतात. त्यांतल्या दोघांची नावं 'साम्बो' आणि 'टॉप्सी'. टॉप्सी ही 'अंकल टॉम्स केबिन' या 1852 च्या कादंबरीतली गुलाम मुलगी. त्याच वर्षी कादंबरीची नाटकं निघाली आणि गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून तिला हशा-टाळ्यांचं पात्र केलं. गुलामगिरीविरुद्ध लिहिलेल्या पुस्तकातली पोर रंगमंचावरून घड्याळावर येईतो दिवाणखान्यातली करमणूक होऊन बसली. अशी घड्याळं बाजारात चढ्या भावाने जातात. मी ती घरात लावणार नाही. संग्रहालयात, शेजारी नीट माहिती लिहून, जरूर ठेवावीत, कारण रंगभूमी किती सहज क्रूर होऊ शकते याचा असा चालता-बोलता पुरावा दुसरीकडे मिळणार नाही.

घड्याळ आणि रंगमंच यांचं सर्वांत घट्ट लग्न लावलं ते ज्याँ-युजेन रोबेर-उदँ या माणसाने. जन्म 1805, गाव ब्ल्वा, धंदा घड्याळजीचा. त्याचं 'गूढ घड्याळ' असं: काचेची पारदर्शक तबकडी, तिच्याखाली काचेचाच खांब, दोन्हींतून पलीकडचं सगळं दिसतं, आणि तरी काटा फिरतो. यंत्र कुठे? बैठकीत. काचेच्या एकावर एक चकत्या, त्यांतली एक फिरती, तिला कडेने धातूचे दाते, आणि ते दाते तबकडीच्या चौकटीत लपवलेले. काटा फिरत नाहीच, काटा चिकटवलेली काच फिरते. डोळ्यांसमोर असलेलं दिसू न देणं ही जादूगाराची विद्या, आणि 1845 मध्ये रोबेर-उदँने पॅरिसच्या पॅले-रॉयालमध्ये स्वतःचं जादूचं थिएटरच उघडलं. ते थिएटर पुढे 1888 मध्ये जॉर्ज मेलिएसने विकत घेतलं आणि तिथूनच तो सिनेमाकडे वळला. जादूगाराचा सिनेमावाला झाला हे आपल्याला नवं वाटायचं कारण नाही. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके आपलं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' म्हणून जादूचे प्रयोग करत, आणि 1913 मध्ये त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. घड्याळ, जादू आणि सिनेमा या तिन्ही धंद्यांत भांडवल एकच: दाते कुठे लपवायचे याची अक्कल.

रोबेर-उदँचं मूळ घड्याळ पाहायला परदेशी जावं लागेल. पण भिलाईहून रेल्वेने जाता येईल अशा अंतरावर एक घड्याळ आहे आणि ते मला या सगळ्यांपेक्षा अधिक नाटकी वाटतं. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात तास भरायच्या आधी लोक बाकांवर जागा धरून बसतात. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीने इंग्लंडहून भाग आणवून हे घड्याळ जोडलं. एका बाजूला लोहार प्रत्येक सेकंदाला हातोडा मारत असतो. तासाला तीन मिनिटं कमी असताना एक दाढीवाला छोटा माणूस दारातून बाहेर येतो, जितके वाजले तितके टोले घंटेवर देतो आणि पुन्हा आत जातो. पोरं टाळ्या पिटतात. दोन टोल्यांच्या खेळाला आलेल्यांची निराशा होते, बाराच्या खेळाला गर्दी. दाढीवाला कुठल्याच नाटकातला नाही. पण प्रेक्षक आहेत, राखीव जागांसाठी भांडण आहे, प्रवेश आहे, निर्गमन आहे, आणि खेळ कधी रद्द होत नाही. नाटक याहून निराळं काय असतं?

त्याच संग्रहालयात एका अखंड लाकडातून कोरलेला दुहेरी पुतळा आहे: पुढून मेफिस्टोफेलीस, मागून मार्गारेटा, पाठीमागे आरसा. गटेच्या 'फाउस्ट'मधली ही दोघं 1859 मध्ये गुनोच्या ऑपेराने पॅरिसमध्ये आणि मग जगभर गाजवली, आणि त्यानंतर फुलदाण्या, दिवे, घड्याळं, जिथे जागा मिळेल तिथे ती बसली. सालारजंगच्या पुतळ्यात घड्याळ नाही. तरी नवख्या संग्राहकाने आधी तो पाहावा. सैतानाची टोपी, टोकदार दाढी, खाली मान घातलेली मुलगी, हातात पुस्तक: एकदा ही लक्षणं डोळ्यांत बसली की जुन्या बाजारातल्या कळकट घड्याळावरची जोडीही ओळखू येते.

थिएटरातच लावलेल्या घड्याळांचा विषय वेगळा आहे, पण ड्रेसडेनचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. तिथलं राजेशाही ऑपेरागृह 1841 मध्ये उघडलं तेव्हा रंगमंचाच्या वर काट्यांऐवजी दोन चौकटींचं घड्याळ होतं. डावीकडे रोमन आकड्यात तास, उजवीकडे पाच-पाच मिनिटांनी बदलणारा आकडा. दरबारी घड्याळजी गुटकेस याने ते केलं आणि त्याचा शिष्य, पुढे जावई झालेला, फर्डिनांड आडोल्फ लांगे त्याच्या हाताखाली होता. अंधारात लोक खिशातली टोल्याची घड्याळं दाबून वेळ ऐकत आणि गाणाऱ्याचा विरस होई, त्यावर हा उपाय काढला असं सांगतात. आता मोबाइल वाजतात. त्यावर अजून कोणी गुटकेस निघालेला नाही.

आणि मराठी संगीत नाटकाचं घड्याळ? शकुंतलेचं, सुभद्रेचं, बालगंधर्वांच्या भामिनीचं? ते माझ्या पाहण्यात नाही, आणि त्याची कारणं मला दोन दिसतात. पहिलं उघड आहे. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं तेव्हा आपल्याकडे मोठी घड्याळं बनतच नव्हती. ती अमेरिकेहून, जर्मनीहून, पुढे जपानहून तयार यायची. एचएमटीचं मनगटी घड्याळ बाहेर पडायला 1961 उजाडलं. ब्रुकलिनच्या ओतारीला पुण्याची शकुंतला कशी ठाऊक असणार? बालगंधर्वांचं नाव आणि फोटो टोप्यांवर, साबणांवर, पावडरीच्या डब्यांवर गेले, कारण ते धंदे इथले होते.

दुसरं कारण मला अधिक पटतं. आपल्या नाटकाचं घड्याळाशी जमतच नव्हतं. रात्री जेवणं उरकून पडदा वर जायचा आणि पहाट कधी व्हायची ते 'वन्स मोअर' ठरवायचे. एकच पद तीनदा, चारदा. प्रेक्षक मागणार, नट देणार, पुढचा प्रवेश ताटकळत विंगेत. तिसरी घंटा झाली की खेळ सुरू होतो एवढीच वेळेची शिस्त. संपण्याची घंटा कधी नव्हतीच. इकडे छत्तीसगढच्या 'नाचा' या लोकनाट्याचंही तेच. दाऊ मंदराजींनी रवेली गावात ज्या मंडळ्या घडवल्या त्यांचा खेळ रात्री चढायचा आणि उजाडल्यावर उतरायचा, आणि रात्रभर गर्दीत बसलेला माणूस तसाच पहिल्या पाळीला जायचा. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंची पंडवानी ऐकताना तरी कोण वेळ पाहतं? युरोपातल्या ऑपेराला शेवटची घोडागाडी गाठायची होती, म्हणून त्याने घड्याळ छताशी टांगलं. आमच्याकडे घड्याळ नाटकगृहाबाहेर ठेवून आत जायचं असे.

तेव्हा इथल्या संग्राहकाला परक्या नाटकांवरच भूक भागवावी लागते. पुण्याच्या दिनकर केळकरांसारखं करता आलं तर उत्तम. चष्म्याचं दुकान सांभाळून, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहून, त्यांनी गावोगाव हिंडत अडकित्ते, दिवे, वाद्यं, दारं गोळा केली आणि 1975 मध्ये तो सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. वस्तूबरोबर ती कुणाच्या घरात, कशासाठी होती ही हकिकतही मोलाची असते. नवलाईच्या घड्याळांना हे दुप्पट लागू, कारण त्यांच्या दोन हकिकती असतात: एक घराची, एक नाटकाची.

खरेदीला मुंबईच्या चोर बाजारातली मटन स्ट्रीट आणि पुण्याचा जुना बाजार ही ठिकाणं आहेतच, पण नागपूर, राजनांदगाव, रायपूरकडच्या जुन्या घरांच्या वाटण्या होतात तेव्हा खरी वस्तू निघते. कॅम्पात आणि पॉवर हाउसच्या बाजूला कबाडी वजनावर घेतात. जस्ताचा सरदार तिथे जस्ताच्या भावाने जातो, ही या छंदातली सर्वांत वाईट गोष्ट. पुतळा उलटा करून तळाशी, दिसणार नाही अशा जागी, हलकेच ओरखडा काढावा. आतून करडं-पांढरं निघालं तर जस्त, पिवळसर-तांबूस निघालं तर कासं किंवा पितळ. विकणारा ओरखडा काढू देत नसेल तर उत्तर मिळालंच. मग मागचं झाकण उघडावं. किल्लीच्या भोकांमागे सेलवर चालणारं प्लॅस्टिकचं यंत्र बसवलेलं असणं हे आता नेहमीचं झालंय.

अँसोनियाच्या पुष्कळ तबकड्यांवर आणि यंत्रांवर 14 जून 1881 ही तारीख असते आणि ती दाखवून विक्रेता घड्याळाची जन्मतारीख सांगतो. ती पेटंटची तारीख आहे. घड्याळ त्यानंतर पंचवीस वर्षांनी बनलेलं असू शकतं. 'मेड इन जर्मनी' लिहिलेलं घड्याळ 1880 च्या आधीचं म्हणून गळ्यात मारू पाहणाऱ्यालाही हात जोडावेत. परदेशी मालावर देशाचं नाव घालण्याची सक्ती ब्रिटनने 1887 मध्ये आणि इथल्या सरकारने 1889 मध्ये केली, त्यामुळे हे शब्द बहुधा त्यानंतरचेच. शंभर वर्षं भरलेली वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही, हेही अमेरिकेतल्या मुलीकडे भेट म्हणून पाठवण्याआधी लक्षात ठेवावं.

घरी आणल्यावर टोले चुकत असतील, म्हणजे पाचला सात पडत असतील, तर घाबरू नये. जुन्या पद्धतीच्या यंत्रात टोले मोजणारं चाक काट्यांशी बांधलेलं नसतं, ते आपल्याच मोजणीने पुढे जातं. मिनिटाचा काटा हाताने मागे फिरवून ते जुळवायचा मोह टाळावा. टोल्याची तार हलकेच उचलून टोले पाडत पाडत योग्य आकड्यावर आणावं, किंवा सरळ घड्याळजीकडे न्यावं. तो पाठीमागची पट्टी काढेल तेव्हा आतल्या पितळेवर नीट पाहा. आधीच्या घड्याळजींनी सुईने कोरलेल्या सह्या, तारखा, कधी गावांची नावं तिथे असतात. ती वहीत उतरवून घ्या आणि पॉलिश करू देऊ नका.

त्याच वहीत घड्याळाच्या नावापुढे नाटकाचं नाव, लेखक, पहिल्या प्रयोगाचं गाव आणि साल लिहा. सापडलं नाही तर ती जागा कोरी सोडा, अंदाजाने मेफिस्टो किंवा गव्हर्नर भरू नका. डॉन सीझरच्या तलवारीचं पातं बहुतेक वेळा नसतंच, कारण जस्ताचं पातं बारीक असलं की पहिल्याच पडण्यात मोडतं. नवं ओतून चिकटवणारे कारागीर भेटतात, पण ते जस्त नीट सांधलं जात नाही आणि डाग कायमचा राहतो. बंदुकीत गोळ्या नव्हत्या म्हणून तर तो वाचला होता. तलवारीवाचूनही त्याचं भागेल.